भूक लागायला सवड तर द्या

प्रश्न : काकू, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, वजन १४ किलो. काहीच खात नाही. मोबाइलवर कार्टून लावलं तरच तोंड उघडतो, एकेका जेवणाला तास जातो. सासूबाई ताट घेऊन त्याच्या मागे गच्चीपर्यंत फिरतात. भाजी दिसली की ओठ घट्ट. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी दीड पोळी खाते. माझं काय चुकतंय? त्याचं दिवसभराचं खाणं सोबत लिहून पाठवलंय.
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : यादी पाठवलीस हे फार बरं केलंस. पत्रात म्हणतेस ‘काहीच खात नाही’ आणि यादी मात्र पानभर आहे! सकाळी सातला कपभर दूध, त्यात साखर आणि चॉकलेटची पावडर. आठला आजीच्या चहात बुडवून चार बिस्किटं. बालवाडीच्या डब्यात जॅम लावलेली पोळी. चारला पुन्हा तसंच दूध. संध्याकाळी आजोबांबरोबर चक्कर, म्हणजे पाच रुपयांची कुरकुरीत खाऊची पुडी. झोपताना बाटलीतून तिसऱ्यांदा दूध. आणि मधे ती दोन तासभराची जेवणं.

आता हिशेब कर. दूध झालं ६०० मिली, आणि तुमच्याकडे येतं म्हशीचं. त्याच्या १०० मिलीतून शंभरावर कॅलरी मिळतात. साखर-पावडर धरली तर नुसतं दूधच साडेसातशेच्या घरात जातं. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज हजार-बाराशे. त्यात बिस्किटं आणि पुडी मिळव. वरणभाताला जागा उरली कुठे? पोर हट्टी नाही गं, त्याचं पोट भरलेलं आहे.

१४ किलोची धास्ती घेऊ नकोस. अंगणवाडीच्या तक्त्यावर ते हिरव्या पट्ट्यातच येतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मावेळच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वाढदिवसानंतर मात्र वर्षाला साधारण दोन किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही उतरते, आणि नेमकं तेव्हाच घरोघरी ‘जेवत नाही’ सुरू होतं. शेजारणीच्या मुलीची दीड पोळी तिच्यापाशी.

मी एकोणतीस वर्षं मुख्य सेविका होते, पंचवीस अंगणवाड्या माझ्याकडे असायच्या. घरी एक घास घेत नाही म्हणून आई रडकुंडीला आलेली, आणि तेच पोर आमच्याकडे चटईवर बसून खिचडीची वाटी पुसून खायचं. आयांना हे खोटं वाटायचं. एकीला मी खिडकीआड उभं करून दाखवलं होतं. खिचडी काही अमृत नसायची, कैकदा तळाला लागलेली असायची. पण वेळ ठरलेली होती, शेजारी वीस पोरं खात होती, आणि सेविकेला एकाच्याच तोंडाकडे बघत बसायला फुरसत नव्हती. ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी.

(दुसऱ्यांना शिकवणारी मी, घरी मात्र लेकीला दोडका संपवल्याशिवाय पाटावरून उठू द्यायची नाही. आज ती अडतीस वर्षांची आहे आणि दोडक्याच्या वासानंसुद्धा उठून जाते.)

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात एक वाटणी सांगितली होती. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं का आणि किती, हे मुलानं. आपल्या घरांत बरोबर उलटं चालतं. काय हवं ते मूल ठरवतं आणि किती ते आजी!

सुरुवात रात्रीच्या बाटलीपासून कर. ती आधी बंद, दातांसाठीसुद्धा. उरलेलं दूध कपातून, दिवसाला ४०० मिलीपर्यंत, पावडरीशिवाय. साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा, त्याला कळणारही नाही. दूध कमी करायला मी का सांगते? त्यात लोह जवळपास नसतंच, आणि दुधावरच वाढणाऱ्या मुलाचं रक्त कमी होतं. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली होती. पोरगं माती, खडू खात असेल किंवा पापणीच्या आतला भाग फिकट दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे. चहा तर आजपासून बंद, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळ, त्यानं उलट मदत होते.

मग दिवसाच्या पाच वेळा ठरव : नाश्ता, डबा, दुपार, चार-साडेचार, रात्र. मधे फक्त पाणी. जेवताना मोबाइल कुणाच्याच हातात नको, नवऱ्याच्याही. टीव्ही बंद. ताटात दोन चमचे भात, वरण, पोळीचा चतकोर आणि भाजीची एकच फोड. हो, एकच. ती खाल्ली नाही तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. परवा पुन्हा वाढायची. नव्या चवीशी ओळख व्हायला मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते. आपण तिसऱ्यांदाच ‘त्याला आवडत नाही’ असं जाहीर करून टाकतो. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचल, न रागावता. तासाभरानं भूक लागली म्हणाला तर पुढची वेळ सांग. खरी कसोटी इथंच आहे, कारण बिस्किटांचा डबा तेव्हाच उघडतो.

पहिले तीन-चार दिवस कठीण जातील. तो ओरडेल, उपाशी झोपेल, तुला रडू येईल. दोन आठवडे तरी दम धर.

आणि सासूबाईंना खलनायिका करू नकोस. त्यांच्या काळी पोर जगवायचं म्हणजे भरवायचं, हेच होतं. त्यांना काम दे. चिऊचा घास, काऊचा घास त्यांनीच सांगायचा, पण घास त्यानं स्वतःच्या हातानं घ्यायचा आणि शेजारी बसून त्यांनीही जेवायचं. भात सांडेल. खाली जुनी सतरंजी घाल.

प्रश्न : वय ७१. पाच वर्षांच्या नातीला रोज संध्याकाळी दुकानातून पुडी घेऊन देतो. सूनबाईंना चालत नाही. म्हातारपणी एवढा आनंदही घ्यायचा नाही का?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : आनंद पुडीचा की नातीनं बोट धरून चालण्याचा? तुम्हीच सांगा. दुकानाऐवजी मंडईच्या रस्त्यानं जा. दहा रुपयांत तिला काय हवं ते निवडू दे : पेरू, बोरं, भाजलेलं कणीस. स्वतः निवडलेला पेरू पोरं दात लावून संपवतात. घरी कुरकुरीत काही हवंच असेल तर चुरमुऱ्यांत कांदा, टोमॅटो, दाण्याचं कूट घालून तुम्हीच भेळ करा. दाणे अख्खे घालू नका, या वयात घशात अडकतात. पुडी रविवारी. सूनबाईंशी हा तह माझ्या नावावर करा.

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची आहे. नाचणीच्या सत्त्वात चवीला गूळ किंवा मध घालू का? आई म्हणते, मीठ नसेल तर बाळ खाणार कसं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : वर्षाच्या आत मीठ नको, साखर-गूळही नको. मध तर चाटवायचासुद्धा नाही. त्यात असणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, आणि मध उकळला तरी ते मरत नाहीत. गोडी हवी तर केळं कुस्करून घाला. आळणी आपल्याला लागतं. तिनं मीठ चाखलंच नाही, तिला काय ठाऊक! आईंना सांगा, चमच्यावर घट्ट थांबेल इतपत दाट करा, वर थोडं तूप सोडा. पातळ पेजेनं पोट भरतं, वजन वाढत नाही.