अलास्कात आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीतल्या सासूबाई सोबत असताना हिमनदीची बोट टूर घ्यावी का? अर्ध्या दिवसाची की पूर्ण दिवसाची?

जरूर घ्या, आणि सासूबाईंना बोट लागत नसेल तर पूर्ण दिवसाचीच घ्या.

सिवर्ड या बंदरगावाहून सुटणाऱ्या अर्ध्या दिवसाच्या बोटी रेझरेक्शन बे या उपसागरातच फिरून परत येतात. प्राणी दिसतात, डोंगरातल्या हिमनद्याही लांबून दिसतात, पण जिचा बर्फ थेट समुद्रात कोसळतो अशी हिमनदी त्या वाटेवर नाही. त्यासाठी केनाई फिओर्ड्स राष्ट्रीय उद्यानात आत आयालिक किंवा होलगेट हिमनदीपर्यंत जावं लागतं, म्हणजे साधारण सहा तास. इतक्या लांब येऊन ते चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

अडचण एकच. आयालिकचं भूशिर ओलांडताना बोट उघड्या समुद्रात येते आणि हवा खराब असेल तर चांगलीच हलते. बोट लागण्याची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, निघण्याआधीच घ्यायची. मुलीसाठी आणि सासूबाईंसाठी ती डॉक्टरांना विचारून ठेवा. खालच्या मजल्यावर मधोमध बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मुलीच्या हातात मोबाइल देऊ नका. सासूबाईंना गाडीसुद्धा लागत असेल तर सिवर्डचा हट्ट सोडा आणि व्हिटियर गावाहून प्रिन्स विल्यम साउंड या खाडीची टूर घ्या. तिथलं पाणी बरंच शांत असतं आणि समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या तिथेही आहेत. मात्र व्हिटियरला जाणारा सुमारे 4 किलोमीटरचा बोगदा एकपदरी आहे, गाड्या आणि रेल्वे दोन्ही त्यातूनच जातात, आणि दोन्ही बाजू आळीपाळीने ठरलेल्या वेळी उघडतात. ती वेळ हुकली की बोटही हुकू शकते.

हिमनदीसमोर पोचल्यावर कॅप्टन बोट थांबवतो. पाणी दुधाळ हिरवट दिसतं, कारण बर्फाखाली दळल्या गेलेल्या दगडाचं पीठ त्यात मिसळलेलं असतं. तरंगणाऱ्या तुकड्यांतून सतत तडतड ऐकू येते. बर्फात कोंडलेली जुनी हवा सुटत असते. कडा कोसळताना तो आधी दिसतो, आवाज मागून येतो. मुलीला सेकंद मोजायला सांगा: प्रत्येक सेकंदाला सुमारे 340 मीटर अंतर. लहान मुलं यात किती रंगून जातात ते बघण्यासारखं असतं. तरंगत्या बर्फावर सील पहुडलेले असतात, तेही तिला दाखवा.

वाटेत समुद्री पाणमांजरं पाठीवर तरंगताना दिसतील. इतर सागरी सस्तन प्राण्यांसारखा चरबीचा थर त्यांच्या अंगात नसतो, म्हणून त्यांची लव सगळ्या सस्तन प्राण्यांत दाट. एखादं छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपला आपटत असेल, तर दुर्बीण आधी सासूबाईंकडे द्या. चिसवेल बेटांवर सी लायनच्या झुंडी आणि उन्हाळ्यात पफिन पक्षी असतात. देवमाशांची खात्री कुणीच देऊ शकत नाही. हंपबॅक किंवा ओर्का दिसले की घड्याळाच्या भाषेत पुकारा होतो: बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवी बाजू म्हणजे तीन. हे मुलीला आदल्या दिवशीच शिकवा, नाहीतर सगळे एकीकडे बघत असताना ती भलतीकडे शोधत बसेल.

कपड्यांच्या बाबतीत जुलै महिना विसरा. हिमनदीवरून येणारा वारा बोचरा असतो; टोपी, हातमोजे आणि पावसाचं जाकीट तिघांनाही हवं.

आणि टूर सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. हवामानामुळे बोट रद्द होते किंवा अर्ध्यातून वळते. पहिल्या एक-दोन दिवसांत बुकिंग केलं असेल तर पुढच्या दिवसावर ढकलायला जागा राहते.