विंडोज ११ टाकल्यापासून लॅपटॉप बिघडलाय. परत विंडोज १० वर कसं जाऊ?

तुम्ही लिहिलंय की अपग्रेड करून आठ दिवस झाले, लॅपटॉप रखडतोय, झाकण मिटून परत उघडलं की स्क्रीन काळीच राहते आणि जुना स्कॅनर ओळखलाच जात नाही. परत जाता येतं, आणि सोपंही आहे. पण मागे फिरायची मुदत १० दिवसांची असते. म्हणजे तुमच्याकडे दोनच दिवस उरलेत. तेव्हा बाकी काही करण्याआधी आज ही मुदत वाढवून घ्या.

स्टार्टमध्ये सीएमडी (कमांड प्रॉम्प्ट) शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. जी काळी विंडो उघडेल तिच्यात एक कमांड टाइप करायची आहे. मी उच्चार लिहितोय, तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा: डिसम (डी-आय-एस-एम), स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो, स्पेस, स्लॅश व्हॅल्यू, कोलन, ६०. 'सेट'नंतर हायफन आहे, पुढचे शब्द सगळे सलग. एंटर मारलं की मुदत ६० दिवसांची होते; त्याहून जास्त मिळत नाही. खात्री करायची असेल तर 'सेट'च्या जागी 'गेट' लिहा आणि व्हॅल्यूचा भाग गाळा, आकडा दिसेल. १० दिवस उलटून गेल्यावर या कमांडचा उपयोग नाही. (२०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा ही मुदत ३० दिवसांची होती. २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटमध्ये ती १० वर आणली.)

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मी स्वतः माती खाल्लीय. तुमचं जुनं विंडोज सध्या सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये पडून आहे. परतीची वाट तेवढीच. मी अपग्रेड केलं तेव्हा ड्राइव्ह भरत आला होता. डिस्क क्लीनअप उघडलं, यादीत 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'समोर वीसेक जीबीचा आकडा दिसला, आणि फुकटात एवढी जागा मिळतेय म्हणून आनंदाने टिक करून मोकळा झालो. चौथ्या दिवशी परत जायचं ठरवलं तर 'गो बॅक'चं बटण मेलेलं. दोष कुणाला देणार? कुऱ्हाड माझीच होती. त्यामुळे सध्या डिस्क क्लीनअप वापरू नका, स्टोरेज सेन्स चालू असेल तर बंद करा, जागा साफ करून देणारी इतर ॲप्सही लांब ठेवा.

मुदत वाढली की घाई संपली. मग मी तुमच्या जागी असतो तर लगेच परत गेलो नसतो. तुमच्या तिन्ही तक्रारींत मला ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला हार्डवेअर चालवायला लागणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, वास येतोय.

रखडण्याचं आधी सांगतो. अपग्रेडनंतर पहिले काही दिवस विंडोज मागच्या मागे फायलींचं इंडेक्सिंग (शोध पटकन लागावा म्हणून यादी बनवणं) करत असतं, ड्रायव्हर आणि अपडेट उतरवत असतं. टास्क मॅनेजर उघडून सीपीयू आणि डिस्क कोण खातंय ते पाहा. आठ दिवसांनंतरही डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर मात्र ते इंडेक्सिंग नव्हे. झाकणाचा त्रास माझ्याकडेही हुबेहूब होता. यासाठी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं पान शोधा आणि तिथून चिपसेट, ग्राफिक्स आणि असेल तर बायोसचं अपडेट टाका. विंडोज अपडेटमधून आपोआप येणारा ड्रायव्हर बऱ्याचदा सर्वसाधारण असतो. झोपेतून उठणं, टचपॅड, बॅटरी अशा नाजूक गोष्टी त्याला नीट सांभाळता येतातच असं नाही. एखादा नवा ड्रायव्हर आल्यापासून बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये, ड्रायव्हर टॅबवर, 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं.

स्कॅनरसाठी त्याचा विंडोज १० चा ६४-बिट ड्रायव्हर टाकून बघा, ११ वर तो बहुतेक वेळा चालतो. नाही चालला तर विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, तिथे कोअर आयसोलेशन, आणि त्यात 'मेमरी इंटिग्रिटी' चालू आहे का पाहा. काही जुने ड्रायव्हर तिच्यासोबत लोडच होत नाहीत. ती बंद करून स्कॅनर चालतो का एवढं तपासायला हरकत नाही, पण कायमची बंद ठेवू नका, ती सुरक्षेसाठी आहे.

एवढं करूनही भागलं नाही, तर परत जा. आधी कागदपत्रं, फोटो, ब्राउझरचे बुकमार्क आणि मेल बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. परत जाताना वैयक्तिक फायली राहतात, पण त्या भरवशावर बसू नका. अपग्रेडनंतर टाकलेली ॲप्स आणि बदललेली सेटिंग्ज तर जाणारच. मधल्या काळात नवं युजर अकाउंट बनवलं असेल तर ते काढून टाका. विंडोज १० ला जो पासवर्ड होता तो आठवतोय ना? रोज पिन टाकणारे इथे हमखास अडकतात. मग चार्जर लावा, सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी असं जा आणि 'गो बॅक' दाबा. कारण विचारेल, काहीही सांगा. अपडेट तपासू का म्हणेल, नको म्हणा. पुढे मशीन काही वेळा आपणहून रीस्टार्ट होईल, तेव्हा हात लावू नका.

माझ्यासारखं 'गो बॅक' गमावलं असेल तर कोरं इन्स्टॉलेशन हा एकच मार्ग राहतो, आणि त्यात ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. विंडोज १० चं मीडिया क्रिएशन टूल (इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवून देणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप) आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. प्रॉडक्ट की विचारली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा आणि आधी होती तीच एडिशन घ्या, होम तर होम, प्रो तर प्रो. मशीनवर पूर्वी विंडोज १० ॲक्टिव्हेट झालेलं असल्याने नेट जोडलं की लायसन्स आपोआप ओळखलं जातं. सुरू करण्याआधी बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नव्या इंटेल लॅपटॉपवर कधीकधी इन्स्टॉलर म्हणतो की ड्राइव्हच सापडत नाही. घाबरू नका, त्याला इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर हवा असतो. तो आधीच पेनड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर'मधून द्यायचा. वायफायचा ड्रायव्हरही सोबत घ्या. मी घेतला नव्हता. नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही! शेवटी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं.

त्यात माझा अख्खा रविवार गेला. आणि रात्री झाकण मिटून उघडलं तर स्क्रीन काळीच. सोमवारी कंपनीच्या साइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर टाकला, तेव्हा कुठे लॅपटॉप झोपेतून उठायला लागला. तोच ड्रायव्हर मी ११ वर असताना टाकून पाहिला असता तर परत यायची वेळच आली नसती. म्हणून ड्रायव्हरचं एवढं पाल्हाळ लावलं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. परत गेलात तर सुरक्षेची अपडेट आपोआप येणार नाहीत. त्यासाठी 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स'मध्ये नाव नोंदवावं लागतं. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे, आणि तुमचं विंडोज १० हे २२एच२ आवृत्तीचं असायला हवं. नोंदणी विंडोज अपडेटच्याच पानावरून होते. त्याच पानावर ११ घेण्याचं आमंत्रणही परत दिसेल, तेव्हा 'स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ' निवडा.

स्कॅनरचं अडलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यासमोर पिवळा त्रिकोण दिसतो का आणि प्रॉपर्टीजमध्ये कोणता कोड येतो, ते इथे लिहा.