जाड कापड घेतलं की खांदे वाचतात का?

प्रश्न : ताई, मुलगी सव्वादोन वर्षांची, वजन १३ किलो. ती तान्ही असताना स्ट्रेची रॅप (पोराला अंगाशी बांधून घ्यायचं लांब, ताणणारं कापड) वापरायचे. आता त्यात घेतलं की पाच मिनिटांत माझ्या कमरेपाशी लोंबकळायला लागते आणि माझे खांदे लाल होतात ते वेगळंच. वोव्हन रॅप घ्यायचाय, सगळ्या म्हणतायत मिळेल तेवढा जाड घे. खरंच तसं आहे का? लांबी किती घेऊ? त्यात हिला दर दहा मिनिटांनी खाली उतरायचं असतं आणि उतरवलं की लगेच परत वर!

उत्तर : स्ट्रेची आता ठेवूनच द्या. ते टीशर्टसारखं विणलेलं कापड, वजन पडलं की ताणत जाणार, आणि पाठीवर बांधायला तर ते घेऊच नये. वोव्हन म्हणजे मागावर विणलेलं. ते उभं ओढा, आडवं ओढा, जवळजवळ हलत नाही, फक्त तिरकं ओढलं की थोडं देतं, म्हणून ते पोराच्या अंगाला नीट बसतं पण खाली येत नाही.

आता जाडीचं. मीही हीच चूक केली होती. मुलगा १४ किलोचा झाला म्हणून भरपूर जाड लिननचा, साइज ६ चा रॅप घेतला, म्हटलं आता चिंता मिटली. दोन फेरे मारेपर्यंत घामाघूम, कापड ओढून घट्टच होईना आणि शेवटी पोटावर मुठीएवढी गाठ. खांदे दुखायचे ते दुखतच होते कारण आत सगळी ढील राहिलेली! तेव्हा कळलं की आधी बांधणार कसं ते ठरवायचं आणि मग जाडी.

लांब रॅप, म्हणजे मध्यम बांध्याला साइज ६, साधारण ४.६ मीटर, त्यात पोराच्या पाठीवरून कापडाचे दोनतीन पदर जातात. डबल हॅमक या पाठीवर बांधायच्या पद्धतीत तर एक फेरा तुमच्या छातीवरून जातो, त्यामुळे सगळा भार खांद्यांवर येत नाही. इथे मध्यम कापड, २२० ते २५० जीएसएम, पुरतं. (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन, विकणाऱ्याला विचारायचंच.) पण तुमची लेक चढउतारवाली, तिच्यासाठी दर वेळी साडेचार मीटर कापड जमिनीवर लोळवत कोण बसणार? तुम्हाला साइज ४ बरा, साधारण ३.६ मीटर, त्यात पाठुंगळी साधा रकसॅक बांधायचा, म्हणजे कापडाची टोकं सॅकच्या पट्ट्यांसारखी दोन्ही खांद्यांवरून घ्यायची. त्यात पदर एकच असतो, सगळं वजन त्या एका पदरावर, म्हणून इथे मात्र जाड कापड हवं, २६०-२८० च्या आसपास. म्हणजे तुमच्या मैत्रिणी अगदीच चुकीच्या नाहीत 😄

कापड कॉटन-लिनन मिक्स बघा, लिनन किंवा हेम्प (भांगेच्या जातीच्या झाडाचा धागा) असलं की वजनाने खाली येत नाही. नुसतं बांबू व्हिस्कोस मऊ लागतं, पण निसरडं असतं, १३ किलोला मी घेणार नाही. लोकर मस्त, खांद्यावर गादीसारखी बसते, पण तिची धुलाई सांभाळावी लागते.

बांधताना कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोचलं पाहिजे, गुडघे बुडापेक्षा वर, आणि कापडाची खालची बाजू तिच्या आणि तुमच्या मधे नीट खोचलेली. या वयाची पोरं पाय ताठ करून ते खोचलेलं सगळं उपसून काढतात, म्हणून जरा सढळ खोचा. मग ढील काढायची ती सगळं कापड मुठीत धरून एकदम ओढून नाही, पट्टी पट्टी करून, आधी मानेकडचा काठ, मग मधलं, मग खालचा काठ. दोन काठ वेगळ्या रंगाचे असलेला रॅप मिळाला तर घ्याच, कुठला ओढतोय ते आरशात लगेच दिसतं. सुरुवातीला पलंगाजवळ उभं राहून, कुणाला तरी मागे उभं करून शिका. आणि पाठीवर ती असताना गॅसपाशी जायचं नाही.

उतरचढ फारच असेल तर रिंग स्लिंग (दोन कड्यांतून ओवून एका खांद्यावर घ्यायचं कापड) पण चालते, पण भार एकाच खांद्यावर येतो, पंधरावीस मिनिटांपुरतंच.

प्रश्न : सेकंडहँड घेतला तर चालेल का? नवा फार कडक लागतो म्हणे.

उत्तर : चालेल काय, मी तर तेच सांगेन! लिनन आणि हेम्प नवं असताना पुठ्ठ्यासारखं असतं, वापरलेलं आयतं मऊ झालेलं मिळतं. फक्त घेताना उजेडासमोर धरून इंच इंच बघा, विरलेली जागा, भोक, ओढला गेलेला धागा, काठाची उसवलेली शिवण. धागा नुसता वर आला असेल तर हळूहळू परत आत सरकवता येतो, तुटला असेल तर सोडून द्या. नवाच घेतलात तर धुवा, ओलसर असताना इस्त्री करा आणि वेणी घालून सोफ्यावर टाका, येता जाता सगळे त्यावर बसतील. आमचा तसाच मऊ झाला, मुलगा त्यावर उड्या मारायचा.