‘फुस्स होणे’ म्हणजे स्फोट होणे, की स्फोट न होणे?

तुमचा प्रश्न असा आहे की ‘फुस्स झाले’, ‘फट् झाले’ यांसारखे स्फोटाची नक्कल करणारे शब्द अचानक ओढवलेल्या अपयशासाठी का वापरतात, आणि इतर भाषांतही असे घडते का. उत्तराआधी एक गोष्ट लक्षात आणून देतो. मराठीत खऱ्या स्फोटाचा आवाज बहुतेक वेळा यशाच्या बाजूचा असतो. धडाका, दणका, दणदणीत विजय, लग्नाचा बार उडवून देणे, हे सगळे मोठ्या आवाजाचे प्रयोग आहेत आणि त्यांतला एकही पडलेल्या माणसाबद्दल बोलत नाही. अपयशासाठी आपण उसना घेतो तो बहुधा व्हायचा राहून गेलेल्या स्फोटाचा आवाज.

लहानपणी दिवाळीत सुतळी बॉम्बची वात पेटवून आम्ही जिन्याआड पळायचो, कानांत बोटे घालायचो आणि डोळे मिटून वाट बघायचो. काही वेळा वात सरसरत आत जायची, खालून पांढरा धूर यायचा आणि ‘फुस्स’ एवढाच आवाज व्हायचा. मग बराच वेळ कोणी जवळ जायला धजावत नसे. असले न उडालेले फटाके दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा करून त्यांची दारू कागदावर काढणे हा आमचा स्वतंत्र उद्योग होता (आज माझ्या मुलाने तो केला तर मी त्याला फोडून काढीन). त्या ‘फुस्स’मागचे कारण साधे आहे. दारू घट्ट वेष्टनात कोंडलेली असेल तरच तिच्या ज्वलनातून निघालेल्या वायूचा दाब वाढत जाऊन वेष्टन एकदम फाटते आणि बार उडतो. वेष्टन सैल असेल किंवा दारू सर्दावलेली असेल, तर तोच वायू वाट मिळेल तिथून निसटतो. ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग सभेला, आरोपाला किंवा आंदोलनाला लावताना आपण नेमके हेच सांगत असतो: वात पेटली होती, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते, आणि दाब मधूनच निसटला.

शब्दांचे शेवटचे व्यंजनही इथे काम करते. ‘फट्’मधला ट उच्चारताना हवा अडते आणि आवाज तिथेच तुटतो, ‘फुस्स’मधला स हवा संपेपर्यंत लांबवता येतो. म्हणून फट् होते ते क्षणात तुटणाऱ्या वस्तूचे, आणि फुस्स होते ते हवा गेलेल्या बेताचे. हिंदीतून आपल्याकडे आलेल्या ‘टांय टांय फिस्स’मध्ये तर आधी गोळीबार आणि मग गळती, अशी पूर्ण गोष्टच सांगितलेली आहे.

इंग्रजीतला ‘फिझल’ हा शब्द याच वाटेने आला आहे, आणि त्याचे मूळ जरा अडचणीचे आहे. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ आवाज न करता पादणे असा होता. पुढे तो ओल्या दारूच्या फुसफुशीसाठी आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कॉलेजांमध्ये परीक्षेतल्या फजितीसाठी वापरला जाऊ लागला. मराठीत ‘फुसकी सोडणे’ आणि ‘फुसका बार’ शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे दोन भाषांना एकमेकींना न विचारता तोच विनोद सुचला होता हे कळेल. गंमत म्हणजे अण्वस्त्रशास्त्रात हा शब्द गंभीर परिभाषा म्हणून रूढ आहे: अपेक्षेपेक्षा फार कमी शक्तीचा अणुस्फोट म्हणजे फिझल. १९९८ च्या पोखरण चाचण्यांतला हायड्रोजन बॉम्ब अपेक्षित ताकदीने फुटला नाही, असे त्या चाचण्यांशी संबंधित असलेले शास्त्रज्ञ के. संथानम यांनी २००९ मध्ये म्हटले, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांत हाच शब्द गाजला. सरकारने आणि चाचण्यांच्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असलेले आर. चिदंबरम यांनी तो दावा फेटाळला.

‘फट्’ची गोष्ट आणखी जवळची आहे. इंग्रजीत एखादे यंत्र अचानक बंद पडले की ते ‘फट’ झाले असे म्हणतात, आणि अनेक कोशकार या शब्दाचा संबंध हिंदी-उर्दूतल्या ‘फटना’ या क्रियापदाशी जोडतात. काहींच्या मते ती नुसती आवाजाची नक्कल आहे. ‘फटना’चे आपल्याकडचे भावंड म्हणजे ‘फाटणे’. (त्याचा बोलीतला दुसरा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो इथे नको.) त्याच इंग्रजीत ‘बॉम्ब’ या शब्दाचे मात्र दोन तट पडले आहेत. अमेरिकेत सिनेमा ‘बॉम्ब’ झाला म्हणजे साफ पडला, तर ब्रिटनमध्ये एखादी गोष्ट बॉम्बसारखी चालली म्हणजे जोरात चालली.

कानावर सरसकट विश्वास ठेवू नये, एवढे मात्र सांगायला हवे. ‘कापूट’ हा जर्मन शब्द ऐकून काहीतरी फुटल्यासारखेच वाटते, पण तो फ्रेंच पत्त्यांच्या डावातून आला आहे. पिकेट नावाच्या खेळात एकही हात न मिळालेला खेळाडू ‘कापो’ होत असे.

मराठीत आवाजाइतकेच काम ‘उडणे’ हे क्रियापद करते. फज्जा, बोजवारा, धुव्वा, भंबेरी, दाणादाण, हे सगळे ‘उडतात’. फ्यूजही उडतो: प्रवाह वाढला की आतली तार वितळते, फट् आवाज येतो आणि घर अंधारात जाते. बैठकीत साहेबांचा फ्यूज उडाला असे म्हणताना तीच तार डोळ्यांपुढे असते.

तुम्ही हे शब्द लेखनात वापरण्यासाठी विचारत असाल, तर मिक्सर किंवा दिवा ‘फट्कन गेला’ असे लिहा आणि कोणी न आलेल्या मोर्चाला ‘फुसका बार’ म्हणा. मिक्सरला फुसका बार म्हटले, तर त्याच्याकडून एवढी मोठी अपेक्षा कोणी ठेवली होती, असा प्रश्न वाचकाला पडेल.