रसायनशास्त्र की भूविज्ञान : तुमसर तालुक्यातील एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. मँगनीज खाणीच्या भांडार विभागात आपण ३१ वर्षे नोकरी केली. आपली मुलगी रसायनशास्त्र आणि भूविज्ञान हे विषय घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात आहे. तिला भूविज्ञानात एम.एस्सी. करून गाळाच्या खडकांचे आणि त्यांतील खनिजांचे भूरसायनशास्त्र, म्हणजे खडक-पाण्यातील मूलद्रव्यांच्या रसायनाचा अभ्यास, शिकायचे आहे, असे आपण कळवले आहे. आपला कल मात्र रसायनशास्त्रातील एम.एस्सी.कडे आहे, कारण औषध कंपन्यांत नोकऱ्या दिसतात आणि मुलीला रानात व खाणीत पाठवण्याची आपल्याला काळजी वाटते. पत्राच्या अखेरीस आपण एक गोष्ट ओघात लिहून गेला आहात : घरातला मँगनीजचा जड काळा दगड हातात घेऊन मुलगी विचारते की हा इथेच का साठला, आणि इतकी वर्षे त्याची आवक-जावक लिहूनही आपल्याला उत्तर देता येत नाही. मला उत्तराची सुरुवात तिथूनच करावीशी वाटते, कारण तिच्या त्या प्रश्नातच तिचा विषय आहे.

पृथ्वीच्या कवचात लोह सुमारे ५ टक्के आहे आणि मँगनीज जेमतेम ०.१ टक्का, म्हणजे लोह त्याच्या पन्नास पट. हे दोन्ही धातू रासायनिक स्वभावाने इतके जवळचे आहेत की खडक झिजताना ते बरोबरच सुटतात, प्राणवायू नसलेल्या पाण्यात दोन्ही विरघळलेल्या रूपात राहतात आणि प्राणवायू मिळाला की दोन्ही अविद्राव्य ऑक्साइड होऊन तळाशी बसतात. मग आपल्या भागात लोह मागे सारून मँगनीजचेच थर कसे तयार झाले? भूरसायनशास्त्र याचे उत्तर असे देते की लोहाचे ऑक्सिडीकरण लवकर आणि सहज होते, तर मँगनीजला त्यासाठी अधिक प्राणवायू व अधिक अल्कधर्मी पाणी लागते. त्यामुळे लोह आधी खाली बसते, मँगनीज पाण्याबरोबर पुढे जाते आणि योग्य परिस्थिती आली की वेगळ्या जागी, वेगळ्या थरात साचते. काळ्या समुद्राच्या प्राणवायूहीन खोल पाण्यात विरघळलेले मँगनीज आजही मोजता येते, म्हणून या प्रक्रियेचा पहिला टप्पा केवळ तर्कावर उभा नाही.

नागपूर, भंडारा आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांतून जाणाऱ्या सौसर खडकसमूहाच्या पट्ट्यात असाच मँगनीजयुक्त गाळ साचला. पुढे उष्णता व दाबाखाली त्याचे रूपांतरण झाले. जिथे गाळात माती व वाळू मिसळलेली होती तिथे मँगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ (गारगोटी) या खनिजांचा खडक तयार झाला. फर्मोर या भूवैज्ञानिकाने १९०९ मध्ये गोंड समाजाच्या नावावरून त्याला ‘गोंडाइट’ म्हटले आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तेच नाव रूढ झाले. आपल्याच तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीत मिळणारे मँगनीज डायऑक्साइड, जे बॅटरीच्या सेलसाठी वापरतात, ते त्याही नंतरच्या टप्प्याचे आहे : जमिनीलगत झिरपणाऱ्या पाण्याने जुन्या खनिजाचे पुन्हा ऑक्सिडीकरण केले. एकाच दगडात समुद्र, रूपांतरण आणि पावसाचे पाणी अशा तीन अवस्थांच्या खुणा असतात, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे हेच या शाखेतील खरे कौशल्य आहे. गोव्याच्या लोहखनिजात पावसाने सिलिका धुऊन नेली म्हणून ते समृद्ध झाले. कोल्हापूरच्या पठारांवर बेसाल्टमधील इतर घटक वाहून गेले आणि ॲल्युमिनियम मागे उरले म्हणून बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज मिळाले. काय विरघळते, काय उरते आणि काय पुन्हा कुठे बसते, या तीन प्रश्नांनी हे सगळे बांधलेले आहे.

आता निवडीविषयी. आपण रसायनशास्त्र आणि भूविज्ञान हे दोन वेगळे रस्ते मानता. अभ्यासाच्या दृष्टीने ते तसे नाहीत, पण नोकरीच्या पात्रतेच्या दृष्टीने नक्कीच आहेत, आणि ही गोष्ट प्रवेश घेण्यापूर्वीच समजून घ्यावी. संघ लोकसेवा आयोगाच्या एकत्रित भू-वैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक आणि रसायनतज्ज्ञ अशी दोन्ही पदे भरली जातात. पहिल्यासाठी भूविज्ञानातील पदव्युत्तर पदवी लागते, तर दुसऱ्यासाठी रसायनशास्त्रातील. रसायनतज्ज्ञ प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यातील मूलद्रव्ये मोजतो. नमुना कोणत्या थरातून घ्यायचा आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ काय, हे मुख्यतः भूवैज्ञानिक ठरवतो. आपल्या मुलीचा प्रश्न ‘यात किती मँगनीज आहे’ हा नसून ‘ते इथेच का आहे’ हा आहे. म्हणून माझे मत स्पष्टपणे भूविज्ञानाच्या बाजूने आहे, मात्र तिने रसायनशास्त्र सोडून देऊ नये. ऊष्मागतिकी, विद्राव्यता, ऑक्सिडीकरण-क्षपण हे बी.एस्सी.चे धडे तिने पुन्हा नीट करावेत, कारण भूविज्ञानाचे बरेच विद्यार्थी नेमके तिथेच अडखळतात.

नोकऱ्यांचे चित्र मी आपल्याला रंगवून सांगणार नाही. सरकारी पदे मोजकी असतात आणि स्पर्धा मोठी असते. खाणींतील रोजगार बाजारभावावर आणि न्यायालयांच्या निर्णयांवरही अवलंबून असतो. गोव्यात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा हजारो कुटुंबांना त्याची झळ बसली, हे आपण ऐकले असेलच. दुसरीकडे, विदर्भाला एक सोय आहे : भारतीय खाण ब्युरो, मँगनीज काढणारी सरकारी कंपनी मॉइल, कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स आणि राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय यांची मुख्यालये नागपुरात आहेत, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालयही तिथेच आहे. प्रशिक्षण आणि प्रबंधाच्या कामासाठी दूर जावे लागत नाही.

याहून महत्त्वाची बाब मात्र पालकांच्या सहसा लक्षात येत नाही, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो. धातू पाण्यात केव्हा जातो आणि केव्हा बाहेर येतो हे ज्याला कळते, त्याला पिण्याच्या पाण्याचेही काम करता येते. बंगालच्या गाळात लोहाच्या ऑक्साइडला चिकटून असलेले आर्सेनिक, प्राणवायू संपल्यावर ते ऑक्साइड विरघळताच भूजलात उतरते. म्हणजे आपल्या मँगनीजचेच रसायन तिथे उलट्या दिशेने चालते आणि लाखो लोकांच्या आरोग्यावर परिणाम करते. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचा प्रश्न आहे, तोही खडक आणि पाणी यांच्यातील देवाणघेवाणीचाच आहे. केंद्रीय भूजल मंडळाची भूजल वैज्ञानिकांची पदे त्याच भू-वैज्ञानिक परीक्षेतून भरली जातात, आणि राज्याची भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणाही याच विषयात काम करते. मला स्वतःला हे क्षेत्र खाणकामाइतकेच मोलाचे वाटते, आणि तिने एम.एस्सी.त जलभूविज्ञानाचा पेपर टाळू नये असे मी आग्रहाने सांगेन.

मुलीच्या सुरक्षिततेची आपली काळजी योग्यच आहे. भूमिगत खाणीत स्त्रियांना कामास पूर्वी मनाई होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, पर्यवेक्षण आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत ती उठवली. तथापि भूरसायनशास्त्रज्ञाचा बराचसा वेळ खाणीत जात नाही. काही आठवडे क्षेत्रकामाचे असतात, तेही गटाने. उरलेले महिने नमुने दळणे, एक्स-रे उपकरणांवर व वस्तुमान-वर्णपटमापकावर (अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर) मोजमाप करणे आणि संगणकावर आकडेवारी तपासणे यांत जातात. हे काम संथ आणि पुनरावृत्तीचे आहे. ते तिला मानवेल का, ही शंका मला सुरक्षिततेपेक्षा अधिक विचारात घेण्याजोगी वाटते.

ती शंका प्रवेशापूर्वीच दूर करता येईल. आपल्या ओळखीच्या बळावर खाण व्यवस्थापनाची रीतसर परवानगी घ्या आणि या हिवाळ्यात तिच्यासोबत एक दिवस खाणीवर जा. एका उभ्या छेदातील थर तिने खालून वर क्रमाने मोजावेत, प्रत्येकाचा रंग, जाडी व खनिजे वहीत लिहावीत आणि कोणता थर मूळ गाळाचा व कोणता नंतर पाण्याने बदललेला असावा याविषयी कारणांसह दोन पाने लिहून तिच्या प्राध्यापकांना दाखवावीत. चार-सहा तास उन्हात थर मोजूनही तिचे प्रश्न वाढतच गेले, तर आपण निःशंक मनाने होकार द्यावा. आयआयटीतील एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेचे अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. नागपूर, पुणे आणि गोवा विद्यापीठांचे प्रवेश त्यानंतर असतात. भूविज्ञान किती सत्रे शिकलेले असावे याची अट संस्थेनुसार वेगळी असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय पर्याय भरू नयेत.