परदेशी बांधकामावर जाण्याआधी मुलाने काय शिकावे?

स. न. वि. वि.

चोपडा तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र मिळाले. मुलगा जळगावला स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला परदेशात कामे घेणाऱ्या बांधकाम कंपनीत जायचे आहे. अशा कंपन्यांपैकी काही तिकडे पाय रोवतात, तर काही तोटा घेऊन परततात, हे कशामुळे होते, असे आपण विचारले आहे. केळीचे भाव पडले की वर्षाचे गणित कसे कोलमडते हे आपण जाणता, म्हणूनच पगाराआधी हा प्रश्न आपल्या मनात आला, याचे मला फार समाधान वाटले.

भांडवल लागतेच. स्थानिक भागीदारही लागतो. लार्सन अँड टुब्रोने कतारमधील अहमद बिन अली स्टेडियम तेथील कंपनीच्या भागीदारीत बांधले. परदेशी ग्राहकाकडून पैसे बुडण्याच्या जोखमीसाठी 1957 पासून सरकारची ईसीजीसी ही विमा कंपनी आहे. तरीही माझ्या मते खरी कसोटी कराराच्या कागदांवर लागते.

परदेशातील अनेक मोठी कामे फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या करारनमुन्यांवर चालतात. त्यांच्या 1999 च्या 'रेड बुक' या बांधकामाच्या करारनमुन्यानुसार जादा रक्कम किंवा मुदतवाढ हवी असल्यास, कारण कळल्यापासून 28 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती राहिली तर हक्कच जातो. समजा, पायाचे ड्रॉइंग बारा दिवस उशिरा आले आणि एक पोकलेन व पंधरा मजूर बसून राहिले. साइटवरच्या तरुण इंजिनिअरने यंत्र, माणसे आणि तास रोजच्या रोज अहवालात लिहून सही घेतली असेल, तरच त्या नोटिशीमागे पुरावा उभा राहतो. 'साहेबांशी बोलणे झाले आहे' एवढ्यावर तिथे बिल निघत नाही.

आपल्या शिवारातूनही त्याला शिकता येईल. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती केनिया, इथिओपियातही आहे. पायाखालची अशी माती काढून मुरूम का भरतात, हे त्याने गावातच उभे राहून पाहावे. आखातात उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओततात आणि पाण्याऐवजी काही प्रमाणात बर्फ वापरतात, त्याचे कारणही जळगावच्या मे महिन्यात चटकन उमगेल.

या सुट्टीत त्याला एखाद्या ठेकेदाराच्या साइटवर महिनाभर पाठवा. रोज संध्याकाळी त्याने हजेरी, यंत्रे, झालेले काम आणि अडलेले काम इंग्रजीत एका पानावर लिहावे. ती तीस पाने मला पाठवावीत. मी ती वाचून दुरुस्त्यांसह परत पाठवीन.