नाशिकमध्ये मोठ्या ब्रँडची शोरूम का टिकत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे : ‘मुंबईत एकामागून एक लक्झरी दुकानं उघडताहेत. आपल्या कॉलेज रोडवर मात्र मोठा ब्रँड येतो आणि तीन वर्षांत बोर्ड उतरतो. नाशिककरांकडे पैसा नाही की हौस नाही?’

दोन्ही आहे. २०१६ ते २०१९ मी कॉलेज रोडवर विदेशी घड्याळांच्या एका शोरूमची मॅनेजर होते आणि त्याआधी पाच वर्षं मुंबईत लोअर परळला हेच काम करत होते. नाशिकचं दुकान बंद झालं त्या रात्री शटर मीच ओढलं. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ते बंद पडलं, असं कुणी म्हणालं की मला आजही वाईट वाटतं.

एक प्रसंग सांगते. मार्च महिना, द्राक्षाचा हंगाम भरात. पिंपळगाव बसवंतचे एक बागायतदार काका बायको-मुलीला घेऊन आले. होणाऱ्या जावयासाठी घड्याळ हवं होतं. तासभर बसले, चहा घेतला, एक मॉडेल पसंत पडलं. किंमत पावणेतीन लाखांच्या आसपास. त्यांना डायल निळी हवी होती आणि आमच्याकडे काळी आणि पांढरी, एवढ्याच होत्या. मी म्हटलं, मागवून देते, आठ दिवस लागतील. काका म्हणाले, “ताई, आठ दिवस कशाला? उद्या सकाळी निघतो, संध्याकाळी घेऊन परत.” तसंच झालं. चौथ्या दिवशी ते पुन्हा आले ते पट्ट्याच्या दोन कड्या काढून घ्यायला. वॉरंटी कार्डावर शिक्का मुंबईच्या दुकानाचा होता. कड्या आम्ही काढून दिल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत.

ती विक्री मुंबईच्या खात्यात गेली. पुढच्या तिमाहीत कुठल्या दुकानाला किती माल द्यायचा हे मागच्या विक्रीवरून ठरतं, त्यामुळे आमच्या वाट्याला आणखी कमी पीस आले. पीस कमी म्हणून निवड कमी, निवड कमी म्हणून गिऱ्हाईक मुंबईला, म्हणून पुन्हा पीस कमी. तीन वर्षं मी हेच चक्र पाहिलं. नाशिकचा पैसा खर्च होत होता, फक्त त्याचं बिल दुसऱ्या गावात फाटत होतं.

‘इथला पैसा रोखीचा, म्हणून ब्रँड चालत नाही’ असंही लोक सांगतात. मला ते पटत नाही. १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेताच येत नाही. हा नियम मुंबईलाही तोच आहे आणि तिथली दुकानं चालताहेत.

लुई व्हिटॉन, डिऑर यांच्यासारख्या फ्रेंच फॅशन ब्रँडचं गणित तर आणखी वेगळं. लुई व्हिटॉनचं भारतातलं पहिलं दुकान २००३ साली दिल्लीच्या ओबेरॉय हॉटेलात उघडलं आणि पुढच्या वर्षी ते मुंबईच्या ताजमध्ये आले. हॉटेलच का? कारण त्यांना हवं असलेलं गिऱ्हाईक तिथे आधीच उतरलेलं होतं आणि हव्या त्या शेजाराचा रस्ता शहरात नव्हता. २००८ मध्ये दिल्लीत एम्पोरिओ मॉल झाला, नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जिओ वर्ल्ड प्लाझा हा मॉल उघडला. वीस वर्षांनंतरही ही मंडळी मोजक्याच शहरांत आहेत, कारण त्यांना एकटं राहायचं नसतं. शेजारी गुची हवं, समोर कार्टिए हवं. एका फेरीत चार दुकानं पाहायला मिळाली तरच माणूस वाकडी वाट करून येतो.

आपल्या सराफ बाजाराचंही हेच आहे ना? सासू-सून एका दुकानात शिरतात, तीन दुकानांत भाव विचारतात, पाचव्यात खरेदी करतात. त्या अरुंद गल्लीत गाडी लावायला जागा नाही, तरी लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसते. तिथे माल भरपूर असतो आणि दागिना हातात घेऊन घरी जाता येतं. नाशिकची लक्झरी तिथे आहे, येवल्याच्या पैठणीत आहे, आणि ती कुठेही गेलेली नाही.

आता तीन वर्षांचं कोडं. भाडेकरार पाच किंवा नऊ वर्षांचा असला तरी पहिली तीन वर्षं बहुधा ‘लॉक-इन’ असतात. तोवर दुकान सोडलं तरी भाडं चुकत नाही. म्हणून तोट्यातलं दुकानही तीन वर्षं दिवे लावून उभं राहतं, आणि मुदत संपली, त्यात भाडं वाढायची वेळ आली, की बोर्ड उतरतो. श्रीमंत शहरंही यातून सुटत नाहीत. न्यूयॉर्कचं बार्नीज (महागड्या ब्रँडच्या दुकानांची साखळी) भाडं जवळपास दुप्पट झाल्यावर २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि मॅडिसन अव्हेन्यूवरचं त्यांचं मुख्य दुकान २०२० मध्ये बंद झालं. तिथे पैसा नव्हता असं कोण म्हणेल?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. आता ब्रँड नाशिकला येतील असं अनेकांना वाटतं. मला उलटी भीती वाटते : बीकेसी आणखी जवळ आलं.

आमच्या दुकानात पाच जण होते. त्यांतली दोन मुलं सिडकोतली, पहिलीच नोकरी. इंग्रजी बोलायला, घड्याळाची यंत्रणा समजावून सांगायला ती त्या काउंटरवर शिकली. त्यांना महिनाभराची नोटीस मिळाली. म्हणून तुमच्या ओळखीत कुणाला नव्या शोरूममध्ये नोकरी लागत असेल किंवा कुणी फ्रँचायझी घेत असेल, तर दोन गोष्टी आधी विचारायला सांगा : लॉक-इन कधी संपतो, आणि दुकानात नसलेला पीस मुंबईहून किती दिवसांत येतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘उद्या’ असेल, तर मी स्वतः पुन्हा अशा दुकानात उभी राहायला तयार आहे.